नाव बिरसांचे, प्रयोगशाळा कोणाची?

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांनी दिल्लीत एक घोषणा केली. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर जनुकात दुरुस्ती करणारी देशी उपचारपद्धती सीएसआयआरच्या दिल्लीतील आयजीआयबी या संस्थेने विकसित केली असून तिला 'बिरसा १०१' असे नाव देण्यात आले. पुढील निर्मितीसाठी हे तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. क्रांतिवीर बिरसा मुंडा यांच्या जन्माला दीडशे वर्षे होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. औषध रुग्णाच्या हाती येण्यापूर्वी माणसांवरील चाचण्यांची वाट चालावी लागते, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या शास्त्रज्ञांनी हे काम केले त्यांचे आम्ही मन:पूर्वक अभिनंदन करतो.

त्यानंतर फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने जैव-औषधांसाठी पाच वर्षांत दहा हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. औषधनिर्माण शिक्षण व संशोधनाच्या तीन नव्या राष्ट्रीय संस्था, म्हणजे तीन नवी 'नायपर', त्यात आहेत. जुन्या सात नायपरची दर्जावाढ आहे. आणि औषधांच्या चाचण्यांसाठी एक हजारावर मान्यताप्राप्त केंद्रे आहेत.

या दोन बातम्या आंबेडकरी वाचकांनी एकत्र वाचल्या पाहिजेत. औषधाला नाव आमच्या महापुरुषाचे, आजार आमच्या वस्तीतला आणि चाचणीसाठी लागणारी शरीरे बहुतांशी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या गोरगरिबांची. मग ते औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत आमची लेकरे किती? हा प्रश्न कोणी विचारायचा?

विदर्भातल्या आपल्या समाजबांधवांना सिकलसेल समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. रक्त कमी होते, जंतुसंसर्ग होतो, कोवळ्या वयात मरण येते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, शिवाय विदर्भातील काही इतर मागास जातींत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात १९५८ सालीच केली होती. दोन वर्षांपूर्वी, १९५६ साली त्याच नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्माची दीक्षा दिली होती. कार्यकारणभाव सांगणाऱ्या धम्माचा माणूस आजाराला पूर्वजन्मीचे पाप म्हणत नाही. कारण शोधतो आणि ते दूर करण्याचा मार्ग शोधतो.

कारण तर केव्हाच सापडले होते. शिकागोच्या एका डॉक्टरने १९१० मध्ये या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखविले. १९५७ पर्यंत व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीतला कोणता एक दुवा बदलतो हेही सिद्ध केले. रेणूच्या पातळीवर कारण कळलेला हा जगातला पहिला आजार. पण त्यावर पहिले औषध मंजूर व्हायला १९९८ साल उजाडले. तेही नवे शोधलेले नव्हते. कर्करोगावर वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया तेवढे या रुग्णांना लागू करण्यात आले. कारण कळल्यावर चाळीस वर्षे! अमेरिकेत या आजाराचे रुग्ण प्रामुख्याने काळे, आफ्रिकेत गरीब, भारतात आदिवासी आणि दलित. ज्याच्या खिशात पैसा नाही आणि ज्याचा माणूस प्रयोगशाळेत नाही, त्याच्या आजाराची फाइल खालीच राहते.

अमेरिकेतील ही फाइल वर आली ती काळ्यांच्या चळवळीमुळे. ब्लॅक पँथर पार्टीने १९७१ मध्ये वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली आणि सरकारच्या दुर्लक्षावर बोट ठेवले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला सिकलसेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. पँथरच्या घोषणांमागे काळ्या समाजाचे स्वत:चे शिक्षित मनुष्यबळ उभे होते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्यांसाठी वैद्यकीय शिक्षण १८६८ पासून सुरू होते. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. रोलँड स्कॉट १९४० च्या दशकापासून सिकलसेलवर संशोधन करीत होते. पैसा मंजूर झाला तेव्हा तो वापरू शकणारी माणसे समाजात तयार होती, म्हणूनच १९७२ मध्ये हॉवर्डमध्ये त्यांचे सिकलसेल केंद्र उभे राहिले. नुसते आंदोलन पुरले नसते आणि नुसती पदवीही पुरली नसती.

ही माणसे तयार होऊ नयेत म्हणून तिथेही दरवाजे बंद केले जात होते. पर्सी ज्युलियन हे गुलामांचे नातू. रसायनशास्त्रात त्यांनी १९२३ मध्ये हार्वर्डची एम.ए. मिळविली. पण काळ्या माणसाने गोऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे कसे, या सबबीने त्यांची अध्यापनाची संधी काढून घेतली गेली आणि पीएच.डी.ची वाट अडली. शेवटी १९३१ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियातील व्हिएन्नाहून डॉक्टरेट आणली. १९३५ मध्ये काचबिंदूवरील औषध त्यांनी प्रयोगशाळेत घडविले आणि पुढे सोयाबीनपासून हार्मोन्स बनवून महागडी औषधे सामान्यांच्या आवाक्यात आणण्याची वाट मोकळी केली. आपल्या देशात दार बंद म्हणून परदेशी जाऊन विद्या आणणारा हा माणूस आपल्याला परका वाटत नाही.

आता औषध शोधायचे म्हणजे काय करायचे, हे समजून घेऊ. आजारात शरीरातले कोणते प्रथिन बिघडते ते आधी ठरवावे लागते. त्यावर काम करील असा रेणू हजारोंतून निवडावा लागतो. रसायनशास्त्रज्ञ तो पुन:पुन्हा सुधारतो, औषधगुणशास्त्राचा अभ्यासक प्राण्यांवर तपासतो, विषशास्त्राचा अभ्यासक त्याचे दुष्परिणाम मोजतो. मग माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या होतात. या सगळ्याला दहा ते पंधरा वर्षे लागतात आणि माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ वाटेतच गळतात. हे काम नुसत्या बी. फार्म.वर होत नाही. त्यानंतर एम. फार्म. किंवा एम.एस., मग पाच वर्षांची पीएच.डी. आणि त्यापुढे आणखी दोन-तीन वर्षे एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत उमेदवारी करावी लागते. वयाची तिशी उलटेपर्यंत माणूस शिकतच असतो. ज्याच्या घरी बापाची पेन्शन आहे, स्वत:चे घर आहे, त्याला हे परवडते. ज्याच्या आईला मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहायची असते, तो मध्येच उतरतो.

म्हणून आपली मुले कुठे थांबतात ते पाहा. गावोगावी फार्मसीची कॉलेजे निघाली. कर्ज काढून, फ्रीशिपवर आपली मुले डी. फार्म., बी. फार्म. होतात आणि औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहतात, नाही तर बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसतात. त्या कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. पण दुसऱ्याने शोधलेले औषध विकणे आणि आपल्या आजारावर औषध शोधणे यांत सत्तेचा फरक आहे. कोणत्या आजारावर संशोधन करायचे हे मार्गदर्शक प्राध्यापक ठरवितो, विषय निवडणारी समिती ठरविते, पैसा देणारी कंपनी ठरविते. त्या तिन्ही खुर्च्यांकडे जाणारा रस्ता पीएच.डी.तूनच जातो.

२००५ नंतर हा फरक आणखी वाढला. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनावर पेटंट मिळत नव्हते. म्हणून भारतीय कंपन्यांनी वेगळ्या प्रक्रियेने तीच औषधे स्वस्तात केली आणि देश जगाचे औषधालय झाला. २००५ च्या दुरुस्तीने उत्पादनाचे पेटंट परत आले आणि नक्कल करणाऱ्यापेक्षा शोधणाऱ्याचे मोल वाढले. कायद्यात अजून हत्यारे आहेत. कलम ३ (ड) च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा कर्करोगाच्या औषधावरील दावा फेटाळला. क्षयरोगावरील बेडाक्विलिनचे पेटंट लांबविण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा प्रयत्न मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने नाकारला, आणि त्याला विरोध करणाऱ्या दोघी स्वत: क्षयरोगातून बऱ्या झालेल्या महिला होत्या. वकील म्हणून आम्हाला या निकालांचा अभिमान आहे. पण मर्यादाही ठाऊक आहे. कायदा औषध स्वस्त करू शकतो, कायदा औषध शोधू शकत नाही. सिकलसेलवरील जनुकीय उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा त्याची किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये. जो शोधतो तो किंमत ठरवितो.

आता आपल्या हक्कांचा हिशेब मांडू. पहिली नायपर संस्था पंजाबात मोहालीला उभी राहिली, तिचा कायदा १९९८ चा. पुढे अहमदाबाद, हैदराबाद, कोलकाता, हाजीपूर, रायबरेली, गुवाहाटी येथे निघाल्या. महाराष्ट्रात एकही नाही. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राला नायपर देण्याची घोषणा झाली, नागपूरचे नावही पुढे आले, पण संस्था उभी राहिली नाही. याचा परिणाम एवढाच नाही की आपल्या मुलाला हैदराबाद गाठावे लागते. २०२३ मध्ये औषध संशोधनाला चालना देण्यासाठी पाच हजार कोटींची योजना आली. तिच्यातले ७०० कोटी सात उत्कृष्टता केंद्रांसाठी होते आणि ही सातही केंद्रे सात नायपरमध्ये. जिथे संस्था नाही तिथे केंद्र नाही, जिथे केंद्र नाही तिथे निधी नाही आणि जिथे निधी नाही तिथे पीएच.डी.च्या जागा नाहीत. सिकलसेलच्या पट्ट्याच्या मधोमध वसलेले नागपूर अकरा वर्षे कोरडेच राहिले.

आरक्षणाचे काय? केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांसाठी २००६ चा कायदा आहे. अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा त्याने दिल्या. पण त्याच कायद्याचे कलम ४ वाचा. अनुसूचीत नावे घातलेल्या काही 'उत्कृष्ट' आणि 'संशोधन' संस्थांना त्यातून सूट आहे. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, ज्यांत कर्करोगावर संशोधन करणारे टाटा मेमोरियल केंद्रही येते. शिवाय अतिउच्च विशेषीकरणाचा कोणताही अभ्यासक्रम केंद्राला या कायद्याबाहेर काढता येतो. संसदेने जणू सांगून टाकले की शिपायापासून पदवीपर्यंत तुम्ही या, पण जिथे नवे ज्ञान तयार होते तिथे तुमचा कायदा उंबऱ्याबाहेर थांबेल. गुणवत्ता आणि आरक्षण एकमेकांचे वैरी आहेत, हा मनुवादी समज असा कायद्याच्या कलमात जाऊन बसला आहे.

आणि जिथे कायदा लागू आहे तिथे काय घडते? २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत देशातल्या सर्व आयआयटींत २५,००७ विद्यार्थ्यांना पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. त्यांत अनुसूचित जातींचे ९.१ टक्के आणि जमातींचे अवघे २.१ टक्के. हे आकडे सरकारनेच संसदेत दिले. मुंबईच्या आयआयटीत टाटा मेमोरियलच्या साथीने रक्ताच्या कर्करोगावरील देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती तयार झाली आणि तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे उद्याची औषधे याच प्रयोगशाळांतून येणार आहेत आणि याच प्रयोगशाळांत आपल्या जागा 'योग्य उमेदवार मिळाला नाही' या एका ओळीने रिकाम्या ठेवल्या जातात. लेखी परीक्षेत उतरलेला मुलगा मुलाखतीत अयोग्य कसा ठरतो, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कागदांत आम्ही आणखी एक अडथळा पाहतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क केंद्रातही मिळाले. तरीही राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेल्या आपल्या मुलाला एका केंद्रीय संस्थेच्या खिडकीवर सांगण्यात आले की, बौद्ध हा धर्म आहे, जात दाखवा. केंद्राच्या नमुन्यातला दाखला तहसील कार्यालयातून मिळेपर्यंत प्रवेशाची तारीख गेली. अर्ज करण्यापूर्वीच केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून ठेवा, असे आम्ही प्रत्येक पालकाला सांगतो.

प्रवेश मिळाला तरी पोट आहेच. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीच्या वर्षाला दोन हजार जागा असतात. मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांतल्या विज्ञानाला फक्त ५००, बाकी १५०० कला, सामाजिक शास्त्रे आणि वाणिज्य यांना. देशभरातल्या अनुसूचित जातींसाठी विज्ञानाच्या सगळ्या शाखा मिळून पाचशे! आणि जी मिळते ती वेळेवर मिळत नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये शेकडो संशोधक विद्यार्थी आठवडेच्या आठवडे मुंबईच्या आझाद मैदानात बसले होते. ज्यांनी प्रयोगशाळेत असायचे ते मंडपात होते. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाचीही अधिछात्रवृत्ती कित्येक महिने थांबलेली होती, आणि १७ जानेवारी २०१६ रोजी आपण त्याला गमावले. प्रयोगशाळेतला प्रयोग पैशाविना तीन महिने थांबला की वर्ष वाया जाते. वर्ष वाया गेले की मार्गदर्शकाची मर्जी जाते.

याउलट चाचणीच्या वेळी मात्र आपल्या लेकरांना शोधत लोक दारापर्यंत येतात. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींना देण्यात आली. त्यांत आदिवासी आश्रमशाळांतील मुली मोठ्या संख्येने होत्या आणि अनेकींच्या बाबतीत आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्या गेल्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असे आमचे म्हणणे नाही, आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे. पण ज्यांच्या शरीरावर विज्ञान उभे राहते त्यांना संमती विचारायचीही गरज वाटू नये, हे जातिव्यवस्थेचेच लक्षण आहे. आता एक हजारावर चाचणी केंद्रे येत आहेत. नव्या शिक्षणसंस्था मात्र तीन.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे केव्हाच ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भले होणार नाही, त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, अशी त्यात त्यांची स्पष्ट मांडणी होती. देशात आणि परदेशात असे शिक्षण घेण्यासाठी त्यांनी सरकारी पैसा मागितला आणि शिष्यवृत्त्या मिळवूनही दिल्या. जगातले नामांकित कायदेपंडित असलेल्या बाबासाहेबांनी हे लिहिले आहे, आणि कायद्याचीच पदवी घेतलेले आम्ही ते आज समाजापुढे ठेवीत आहोत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जाहीर झालेल्या तीन नायपरपैकी एक नागपूरला व्हावी आणि तिच्यात सिकलसेलवरील औषध संशोधनाचा स्वतंत्र विभाग असावा. कलम ४ आणि त्याची अनुसूची संसदेने रद्द करावी. प्रत्येक केंद्रीय संशोधन संस्थेने पीएच.डी.च्या किती जागा काढल्या, किती भरल्या आणि किती रिकाम्या ठेवल्या, हे विभागवार व प्रवर्गवार दरवर्षी जाहीर करावे. विज्ञानाच्या अधिछात्रवृत्ती पाचशेवरून वाढवाव्यात आणि त्या पगारासारख्या दरमहा खात्यात जमा व्हाव्यात. सिकलसेलवरील प्रत्येक चाचणीच्या नैतिकता समितीत बाधित समाजाचा माणूस असावा, आणि ज्यांच्यावर चाचणी झाली त्यांना तयार झालेले औषध मोफत मिळावे.

सरकारकडे मागताना समाजाकडेही मागितले पाहिजे. आपल्या हुशार मुलांची उमेदीची वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत जात आहेत. तहसीलदार व्हा, पण वस्तीतल्या दहा हुशार मुलांपैकी दोघांना तरी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राकडे वळवा. विहारात जीपॅट आणि नेटचे वर्ग सुरू करा. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशात एका संशोधक विद्यार्थ्याचे अडलेले दोन-तीन महिने निघू शकतात. नोकरदार बांधवांनी पाच-पाच जणांत मिळून एक विद्यार्थी पीएच.डी.पर्यंत सांभाळावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या भागातील प्रत्येक केंद्रीय संस्थेला रिकाम्या जागांचा जाब लेखी विचारा आणि उत्तर आले नाही तर अपिलात जा. त्या कामी चळवळीतले वकील तुमच्या पाठीशी उभे राहतील.

बिरसांचे नाव औषधावर आले, त्याचा आनंद आहे. आता पेटंटच्या अर्जावर संशोधकाच्या नावाचा जो रकाना असतो, त्यात बिरसांच्या आणि भीमाच्या लेकरांची नावे आली पाहिजेत. ती आणल्याशिवाय आपण थांबायचे नाही. जय भीम.